सिरोंचा : नकाशाच्या शेपटीवरचा तालुका

वाटसरू_धंतोली (धागाकर्ता) | १४ जानेवारी, रात्री ९.४०

टीव्हीवर हवामानाचा नकाशा लागला की महाराष्ट्राच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक शेपटी लोंबताना दिसते. निवेदिका मुंबई, पुणे, नाशिक करत विदर्भावरून हात फिरवते, पण तो हात त्या शेपटीपर्यंत कधी पोचत नाही. ती शेपटी म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातला सिरोंचा तालुका. चाळीस वर्षं नागपुरात काढली, पण तिकडे जायचा योग आला तो या डिसेंबरात, तोही मित्राच्या मुलीच्या लग्नामुळे.

नागपूरहून अंतर पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. सकाळी सहाला निघालो. वाटेत मार्कंड्याला थांबलो. वैनगंगा तिथे उत्तरेकडे वळते आणि काठावर देवळांचा समूह आहे. शिल्पं बघायला अर्धा दिवस हवा, आम्ही पाऊण तास दिला आणि नंतर गाडीत हळहळत बसलो. आलापल्लीत जेवण, मग सागवानाचं जंगल, मग रस्त्याच्या नावाखाली जे काही आहे ते, आणि अंधार पडता पडता सिरोंचा.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून नदीवर गेलो. प्राणहिता. नाव शाळेच्या भूगोलात वाचलेलं, पण ती इतकी रुंद असेल असं वाटलं नव्हतं. धुक्यात पलीकडचा काठ दिसत नव्हता. घाटावर एक बाई दिवा सोडत होत्या. मी मराठीत विचारलं, पलीकडे कोणतं गाव? त्यांनी तेलुगूत उत्तर दिलं आणि माझा चेहरा बघून मग मराठीत सांगितलं, "पलीकडं तेलंगाणा. आमची लेक तिकडंच दिली आहे."

तालुक्याची रचना अशी: पश्चिमेला प्राणहिता, दक्षिणेला गोदावरी, पूर्वेला इंद्रावती. तीन बाजूंनी तीन नद्या आणि चौथ्या बाजूला जंगल. सिरोंचा गाव प्राणहितेच्या काठी, तिथून थोडं खाली गेलं की ती गोदावरीला मिळते. म्हणजे नाशिकहून निघून पैठण, नांदेड करत तेलंगणात गेलेली गोदावरी इथे पुन्हा एकदा महाराष्ट्राला शिवून जाते. हे मला वयाच्या साठाव्या वर्षी कळलं.

पण धागा काढायचं खरं कारण वेगळं आहे. लग्नाच्या मांडवात एक निवृत्त मास्तर भेटले. मी बोलता बोलता म्हणालो, "किती कोपऱ्यात आहे हो तुमचं गाव." ते हसले आणि म्हणाले, "साहेब, कोपरा कोणाचा? आमचं गाव जिल्ह्याचं मुख्यालय होतं तेव्हा गडचिरोलीला कोणी विचारत नव्हतं." परत आल्यावर शोधलं. मास्तर खरं बोलत होते. १८६० मध्ये निजामाने गोदावरीच्या डाव्या काठचा मुलूख इंग्रजांना दिला, त्याचा 'अप्पर गोदावरी' नावाचा जिल्हा झाला आणि त्याचं मुख्य ठाणं सिरोंचा. गडचिरोली जिल्हा झाला १९८२ मध्ये, म्हणजे सव्वाशे वर्षांनी. ज्या गावातून जिल्हा चालायचा ते आज जिल्ह्याच्या कामासाठी दोनशे किलोमीटर धावतं. हे कसं झालं, ते जाणकारांनी सांगावं. आणि तिथे काय काय बघावं तेही, कारण मी दोनच दिवस होतो आणि त्यातला एक पंगतीत गेला.

रामकुंड_नाशिक | १४ जानेवारी, रात्री १०.२५

धागा आवडला. आमची गोदावरी नांदेडनंतर परत महाराष्ट्रात डोकावते हे खरंच माहीत नव्हतं. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "माहेरी फेरी मारते बिचारी."

एक प्रश्न: तिकडे पुष्कर म्हणून मेळा भरतो तो आपल्या सिंहस्थासारखाच का?

जुनीपानं | १४ जानेवारी, रात्री ११.०५

@रामकुंड_नाशिक, गणित एकच, नद्या वेगळ्या. गुरू ज्या राशीत शिरतो त्या राशीच्या नदीचा पुष्कर. सिंहेत गुरू आला की गोदावरीचा, म्हणून २०१५ मध्ये तुमच्याकडे कुंभ आणि आंध्र-तेलंगणात गोदावरी पुष्करालु एकाच वर्षी झाले. मीनेत आला की प्राणहितेचा. तो झाला एप्रिल २०२२ मध्ये, बारा दिवस. सिरोंचा, नगरम आणि पलीकडे काळेश्वर, सगळे घाट भरले होते.

आता धागाकर्त्यांच्या प्रश्नाकडे. दोन-तीन हप्त्यांत लिहितो, टंकायला वेळ लागतो.

इंग्रजांना हा मुलूख जंगलासाठी नको होता, नदीसाठी हवा होता. आर्थर कॉटन हे नाव आपल्याकडे फारसं कोणी घेत नाही, पण आंध्रात राजमहेंद्रीकडे त्यांचे पुतळे आहेत. त्यांनी १८४७ ते १८५२ या काळात धवलेश्वरमला गोदावरीवर बंधारा बांधला आणि डेल्टा हिरवा केला. त्यांचं पुढचं वेड म्हणजे जलवाहतूक. रेल्वेपेक्षा नदी स्वस्त, असं त्यांचं ठाम मत. वऱ्हाड आणि हिंगणघाटचा कापूस बैलगाड्यांवर लादून शेकडो मैल मुंबईला नेण्यापेक्षा वर्धा, प्राणहिता, गोदावरी या वाटेनं बोटीत घालून थेट काकीनाड्याच्या किनाऱ्याला न्यावा, ही कल्पना. नकाशा समोर ठेवून बघा, वेडेपणा वाटत नाही. उतार नदीचाच आहे.

अडचण एकच. खडक. काम बघणारे अधिकारी होते हेग. त्यांच्यापुढे तीन मोठे अडथळे होते: पहिला भद्राचलमच्या वर दुम्मागुडेमला, दुसरा इंद्रावतीच्या संगमाखाली इंचमपल्लीला, तिसरा प्राणहितेवर देवलमरीला. म्हणजे तीनपैकी दोन अडथळ्यांच्या मधोमध सिरोंचा. नदीचा हमरस्ता झाला तर चौकी, गोदाम, अंमलदार इथेच लागणार. म्हणून मुख्यालय इथे.

बाकी उद्या.

मंजीरा_पार | १५ जानेवारी, सकाळी ७.५०

जुनीपानं, सकाळी सकाळी मेजवानी. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

(धागाकर्ते, "रस्त्याच्या नावाखाली जे काही आहे ते" याला दंडवत. आलापल्ली ते सिरोंचा हा शंभर किलोमीटरचा प्रवास मी पावसाळ्यात केला आहे. पाठीचे मणके तेव्हापासून मोजता येतात.)

प्राणहिता_काठ | १५ जानेवारी, सकाळी ९.१५

नमस्कार. मी सिरोंच्याचा. घरात तेलुगू बोलतो, मराठी शाळेत शिकलो, चुका सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट, शेपटी म्हणू नका. आमच्या बाजूनं बघितलं तर तुम्ही शेपटी. आम्हाला हैदराबाद नागपूरपेक्षा जवळ पडतं. रेल्वे पकडायची तर मंचिर्यालला जातो. मोठा दवाखाना म्हणजे वरंगल किंवा करीमनगर. मुंबई म्हणजे टीव्हीतलं गाव.

आता पूल झाले म्हणून हे सोपं आहे. मी लहान असताना गोदावरीवर पूल नव्हता. काळेश्वरला जायचं तर नावेत बसायचं. महाशिवरात्रीला नावा इतक्या भरायच्या की माझी अम्मा डोळे मिटून बसायची आणि पलीकडे पोचल्यावर उघडायची. काळेश्वर-मुक्तेश्वराच्या देवळात एकाच पीठावर दोन शिवलिंगं आहेत, एक काळाचं म्हणजे यमाचं, एक मुक्तेश्वराचं. एका लिंगाला छिद्र आहे. त्यात घातलेलं पाणी जमिनीखालून संगमाला जातं असं मोठी माणसं सांगतात. लहानपणी आम्ही देवळात पाणी ओतून संगमावर धावत जायचो बघायला. कधी दिसलं नाही. पण धावण्यात मजा होती.

उन्हाळ्याआधी मिरची तोडायला आमच्याकडची माणसं तेलंगणात जातात, कुटुंबंच्या कुटुंबं. घराला कुलूप. सरकारी माणूस जनगणनेला नाहीतर योजनेला आला की म्हणतो, गावात कोणी राहतच नाही.

बुलेट_आणि_भाकर | १५ जानेवारी, दुपारी १२.३०

भटकणाऱ्यांसाठी दोन ओळी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ. मार्चनंतर ऊन असं लागतं की हेल्मेटच्या आत डोकं उकडतं. पावसाळ्यात जाऊच नका, नाले चढले की रस्ता तुटतो आणि तुम्ही दोन नाल्यांच्या मध्ये अडकता. टाकी आलापल्लीत भरा. फोनची रेंज जंगलात विसरा, आधीच घरी सांगून ठेवा.

सोमनूर चुकवू नका. सिरोंच्याहून अंकिसा, आसरअल्ली करत जायचं. तिथे इंद्रावती गोदावरीला मिळते. ओडिशातल्या कालाहांडीतून निघालेली, चित्रकोटला धबधबा होऊन कोसळलेली ती इंद्रावती. संगमावर मी संध्याकाळी पोचलो. वाळूचा पट्टा, दोन रंगांचं पाणी आणि एकही टपरी नाही. शेवटची गोष्ट सगळ्यांत सुंदर.

तिथूनच पुढे पातागुडमला इंद्रावतीवरच्या पुलाने छत्तीसगडमध्ये उतरता येतं. एका दिवसात तीन राज्यांत चहा पिता येतो, मी प्यायलो आहे. सर्वांत गोड चहा तेलंगणात.

कोथरूडकर_७७ | १५ जानेवारी, दुपारी १.१०

सोमनूर म्हणजेच हेमलकशाचा तो त्रिवेणी संगम ना? आम्ही प्रकल्प बघायला गेलो होतो तेव्हा पाहिला आहे. मग सिरोंच्याला वेगळं काय?

बुलेट_आणि_भाकर | १५ जानेवारी, दुपारी १.४०

नाही हो. तो भामरागडचा. तिथे इंद्रावतीला पर्लकोटा आणि पामुलगौतम मिळतात. सोमनूर त्याच्या बरंच खाली, जिथे खुद्द इंद्रावती संपते. नदी तीच, जागा वेगळी. पुणे स्टेशन पाहिलं म्हणून लोणावळा झालं असं म्हणण्यासारखं आहे.

कोथरूडकर_७७ | १५ जानेवारी, दुपारी १.४५

उपमा झोंबली. पण कळलं.

खडकफोड्या | १५ जानेवारी, सायंकाळी ६.२०

सगळे माणसांच्या इतिहासात अडकले आहेत. मी जरा मागे नेतो. फार नाही, अठरा-एकोणीस कोटी वर्षं.

प्राणहिता-गोदावरीचं खोरं ही जमिनीला पडलेली जुनी खचदरी आहे. बल्लारपूरचा कोळसा आणि तेलंगणातला सिंगरेणीचा कोळसा एकाच खोऱ्यातला. त्याच्या वरच्या थरांत 'कोटा' नावाचा खडकांचा गट आहे, आणि हे नाव राजस्थानातल्या कोट्यावरून नाही, सिरोंचा तालुक्यातल्या प्राणहितेकाठच्या कोटा गावावरून पडलं. जगभरचे पुराजीवशास्त्रज्ञ हे नाव घेतात. गावकऱ्यांपैकी कितींना माहीत असेल देव जाणे. तिथल्या चुनखडीत सापडलेल्या माशांचं वर्णन इंग्रजांच्या काळात, १८५० च्या दशकातच छापून आलं होतं.

पण खरा ऐवज त्यानंतर शंभरेक वर्षांनी हाती लागला. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे लोक (होय, आकडेमोडीची संस्था, संस्थापक महालनोबिसांनी तिथे भूशास्त्राचा विभागही काढला होता) तालुक्यातल्या पोचमपल्ली गावाजवळ खोदत होते. तिथे निघाली डायनासोरची हाडं. एक-दोन नाही, तीनशेच्या घरात, निदान सहा प्राण्यांची. लांब मानेचा, झाडपाला खाणारा, साधारण १४ मीटर लांबीचा प्राणी. १९७५ मध्ये त्याचं बारसं झालं: बारापासॉरस टागोराय. 'बडो पा' म्हणजे बंगालीत मोठा पाय, आणि खोदकाम झालं ते १९६१ हे रवींद्रनाथांचं जन्मशताब्दी वर्ष म्हणून टागोर. गडचिरोलीच्या मातीतला प्राणी, नाव बंगाली, सांगाडा कोलकात्यात संस्थेच्या संग्रहालयात उभा.

यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट: हाडांबरोबर झाडांचे प्रचंड ओंडकेही सापडले, दगड झालेले. दात मिळाले, पण कवटी एकही नाही. अभ्यासकांचा अंदाज असा की एक कळप पुरात सापडला, उन्मळलेल्या झाडांबरोबर वाहत आला आणि एका जागी साचला. म्हणजे सिरोंच्याचे पहिले पूरग्रस्त.

बघायचं असेल तर वडधमला वनखात्याने जीवाश्म उद्यान केलं आहे. दगड झालेले वृक्ष तिथे जागेवर बघता येतात. हात लावा, पण खिशात घालू नका. मागे एका सहलीत एका सुशिक्षित गृहस्थांच्या पिशवीतून दोन तुकडे मी स्वतः काढून परत ठेवले आहेत.

रामकुंड_नाशिक | १५ जानेवारी, सायंकाळी ६.४५

पहिले पूरग्रस्त!! लेकीला वाचून दाखवलं. ती विचारते, त्यांना नुकसानभरपाई मिळाली का?

प्राणहिता_काठ | १५ जानेवारी, सायंकाळी ७.३०

ताई, लेकीला सांगा, रांगेत पुढचा नंबर आमचा आहे.

जुनीपानं | १५ जानेवारी, रात्री १०.५०

हप्ता दुसरा.

अमेरिकेत १८६१ ला यादवी युद्ध पेटलं आणि इंग्लंडच्या गिरण्यांचा कापूस आटला. त्याच वर्षी मध्य प्रांत स्थापन झाला. पुढच्या वर्षी रिचर्ड टेंपल तिथे मुख्य आयुक्त म्हणून आले आणि त्यांनीही हा नदीमार्ग उचलून धरला. पैसा ओतला गेला. अप्पर गोदावरीचे डेप्युटी कमिशनर ग्लासफर्ड यांनी शेजारच्या बस्तर संस्थानावर अहवाल लिहिला तो याच काळातला. म्हणजे बस्तरकडे बघायची इंग्रजांची खिडकी सिरोंच्यात होती.

मग गणित फिरलं. अमेरिकेतलं युद्ध १८६५ ला संपलं, कापसाचा भाव बसला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. ज्या कापसासाठी नदी फोडायची तो डब्यात बसून मुंबईला जाऊ लागला. १८७१ मध्ये काम थांबवलं. १८७४ मध्ये जिल्हाच मोडला, सिरोंचा चांद्याला (आजच्या चंद्रपूरला) जोडलं, खालचा भद्राचलमचा भाग मद्रास इलाख्यात गेला. चौदा वर्षांचा जिल्हा. या नदीमार्गासाठीच्या बंधाऱ्यांपैकी नीट टिकला तो दुम्मागुडेमचा.

म्हणून मास्तरांचं वाक्य मला फार नेमकं वाटलं. नदी हा रस्ता होता तोवर हे गाव मधोमध होतं. रूळ आले आणि तेच गाव टोकाला गेलं, जागचं न हलता.

शंकासुर | १५ जानेवारी, रात्री ११.२०

जुनीपानं, आदर आहे, पण रेल्वेवर सगळं खापर फोडू नका. रेल्वे नसती तरी ती योजना चालली नसती. या नद्यांना बारमाही पाणी कुठे? पावसाळ्यात धार इतकी की बोट वर चढत नाही, जानेवारीनंतर पात्रात बैलगाडी चालते. वर्षातले मोजके महिने चालणारी जलवाहतूक आणि त्यासाठी खडक फोडायचे. कॉटनसाहेब डेल्टातले, तिथलं पाणी बघून त्यांनी वरच्या नदीचा हिशेब मांडला.

जुनीपानं | १५ जानेवारी, रात्री ११.४५

मान्य. खडक आणि आटणारं पाणी यांनी योजना आजारी होतीच, रेल्वेनं फक्त नाडी बघणं बंद केलं असं म्हणू. पण आजारी योजना सरकारं वर्षानुवर्षं पोसतात हेही आपण बघतोच.

सागवान_सेवानिवृत्त | १६ जानेवारी, सकाळी ६.१०

राम राम मंडळी. मी चांद्याचा, वनखात्यात तीस वर्षं काढली, त्यातली सात आलापल्ली-सिरोंच्याकडं. तुमच्या धाग्यानं झोप उडाली माही.

ते कापसाचं ठीक आहे जी, पन त्याच्या आधीचं कोनी नाही सांगून रायलं. १८५८ चं. बाबूराव शेडमाके, मोलमपल्लीचे जमीनदार. चांद्याच्या इंग्रजाले त्यायनं पानी पाजलं. २९ एप्रिल १८५८ ले अहेरीकडं प्राणहितेच्या काठी चिंचगुंडीले तारखात्याच्या छावनीवर हल्ला झाला, गार्टलंड आन् हॉल हे दोन इंग्रज मेले. मंग डेप्युटी कमिशनर क्रिक्टननं अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईवर दाब टाकला आन् बाबूराव धरल्या गेले. २१ ऑक्टोबरले चांद्याच्या जेलात फाशी. आमच्या गोंडी भागात त्यायची गानी आहेत. आता तुमीच सांगा, दोन वर्षांनी, १८६० ले, इंग्रजानं नदीकाठचा मुलूख घेतला तो काय निस्ता कापसासाठी?

जंगलाचं म्हनाल तं कमलापूर पाहा. राज्यातला एकुलता एक सरकारी हत्तीकॅम्प. पयले हे हत्ती ओंडके वढत, आता पेन्शनीत आहेत माझ्यासारखे. आन् कोलामार्काले रानम्हशी आहेत, महाराष्ट्रात दुसरीकडं नाही. दिसतीनच असं नाही. मले सात वर्षांत एकदाच दिसली, ते बी पाठमोरी.

जुनीपानं | १६ जानेवारी, सकाळी ८.३०

@सागवान_सेवानिवृत्त, तुमचा मुद्दा बिनतोड. बंडानंतर दोन वर्षांत झालेला तह फक्त बोटींसाठी होता असं मीही म्हणणार नाही. धाग्यात ही नोंद राहिली हे बरं झालं.

मंजीरा_पार | १६ जानेवारी, सकाळी १०.०५

मी हैदराबादेत राहणारा मराठी माणूस, म्हणून भीत भीत लिहितो. काळेश्वरला जाल तेव्हा खाली मेडीगड्डाचं बॅरेजही बघा. १६०० मीटरच्या वर लांब, ८५ दारं. २१ जून २०१९ ला उद्घाटन झालं, आपले तेव्हाचे मुख्यमंत्रीही हजर होते. त्यातली कल्पना भन्नाट होती: प्राणहितेचं पाणी संगमाखाली अडवायचं आणि पंपांनी उचलून गोदावरीच्याच पात्रातून उलटं वर, अन्नारम, सुंदिल्ला करत येल्लमपल्लीपर्यंत न्यायचं. नदी उलटी वाहवायची. अभियांत्रिकी म्हणून तरी दाद द्यावी.

प्राणहिता_काठ | १६ जानेवारी, सकाळी १०.४०

दाद देऊन झाली. जुलै २०२२ च्या पुरात आमच्या बाजूच्या शेतात काय झालं ते बघायला यायचं होतं. पीक गेलं ते गेलंच, वर वाळू येऊन बसली. वाळूत कापूस होत नाही. बॅरेज झाल्यापासून पाणी चढतं लवकर आणि उतरतं उशिरा, हे मी शिकलेला माणूस म्हणून नाही, काठावर राहणारा म्हणून सांगतो. माझ्या मामाचे दोन एकर अजून तसेच आहेत. अर्ज किती दिले त्याची फाईल आहे घरात, कापसाच्या गाठीएवढी.

मंजीरा_पार | १६ जानेवारी, सकाळी ११.००

भाऊ, पूर त्या वर्षी सगळीकडेच होता. पलीकडचं पंपघरही बुडालं होतं. आणि आता तर ऑक्टोबर २०२३ मध्ये बॅरेजचे खांबच खचले, तेव्हापासून दारं उघडीच आहेत. तिकडे विधानसभेपासून चहाच्या टपरीपर्यंत हाच विषय.

शंकासुर | १६ जानेवारी, सकाळी ११.१५

म्हणजे १८७१ आणि २०२३. त्याच नदीनं दोन साहेबांना तोच जबाब दिला.

वाटसरू_धंतोली (धागाकर्ता) | १६ जानेवारी, सकाळी ११.५०

मंडळी, बॅरेजवर वेगळा धागा निघावा इतका तो मोठा विषय आहे, तो जरूर काढा. @प्राणहिता_काठ, तुमच्या मामांबद्दल वाचून वाईट वाटलं. लग्नाच्या दिवशी नदीकाठी फिरताना मला एका शेतात नुसती वाळू दिसली होती आणि मी मूर्खासारखा तिचा फोटो काढला, 'सिरोंच्याचा समुद्रकिनारा' म्हणून मित्रांना पाठवला. तो काढून टाकला आहे.

अंबाडी_आणि_लसूण | १६ जानेवारी, दुपारी २.००

तीन दिवस झाले, कोणी जेवणाबद्दल अक्षर काढलं नाही. लग्नात काय वाढलं ते सांगा की!

वाटसरू_धंतोली (धागाकर्ता) | १६ जानेवारी, दुपारी २.२०

हा हा. मान्य, गुन्हा आहे. पंगतीत भात, भात आणि भात. चिंचेचा पिवळा भात म्हणजे पुळिहोरा, पप्पू म्हणजे घट्ट वरण, आणि एक हिरवट आंबट चटणी जिच्यासाठी मी तीनदा भात मागितला. वाढणाऱ्याला नाव विचारलं तर म्हणाला, गोंगुरा. घरी येऊन बायकोला वर्णन केलं, ती म्हणाली, अहो ती आपली अंबाडी. आयुष्यभर पानात बाजूला सारलेली भाजी तीनशे ऐंशी किलोमीटर जाऊन मागून मागून खाल्ली.

प्राणहिता_काठ | १६ जानेवारी, दुपारी २.५०

अंबाडी बरोबर, पण फोडणी वेगळी. आमच्याकडे त्यात सुकी लाल मिरची भाजून वाटतात, तीच मिरची जी तोडायला माणसं जातात. आणि दसऱ्याच्या आधी आलात तर बतकम्मा बघायला मिळेल. बायका तेरड्या-झेंडूसारख्या फुलांचे थर रचतात, भोवती फेर धरतात आणि शेवटी नदीत सोडतात. गाणी सगळी तेलुगू. दुसऱ्या दिवशी त्याच बायका पोरांना मराठी शाळेत सोडायला जातात.

माघात तेलंगणातल्या मेडारमला सम्मक्का-सारलम्माची जत्रा असते, दोन वर्षांतून एकदा. तेव्हा आमचं निम्मं गाव तिकडे. त्या आठवड्यात येऊ नका, कुलपं बघून परत जाल.

कोथरूडकर_७७ | १६ जानेवारी, सायंकाळी ५.१५

सुरक्षिततेचं काय? घरच्यांना गडचिरोली म्हटलं की एकच शब्द आठवतो.

सागवान_सेवानिवृत्त | १६ जानेवारी, सायंकाळी ६.००

खोटं नाही सांगत. १९८० च्या सुमारास नक्षलवादी पयल्यांदा महाराष्ट्रात आले ते तेलंगणातून, याच नदीच्या वाटेनं. लय वर्षं लोकायनं दोन्हीकडून मार खाल्ला. आता सिरोंचा-काळेश्वरचा रस्ता रात्रंदिवस चालू आहे, ट्रका जातेत, लग्नाच्या वऱ्हाडी जातेत. हमरस्त्यावर रहा. आतल्या जंगलात जाच्या आधी वनखात्याच्या नाक्यावर इचारा, ते सांगतीन तसं करा. शहाणपना नोका करू, बस.

रामकुंड_नाशिक | १६ जानेवारी, रात्री ९.३०

ठरलं. फेब्रुवारीत निघतोय, पाच जण, सासूबाई धरून. नाशिक ते नागपूर रेल्वे, पुढे गाडी. मार्कंडा, कमलापूर, वडधम, सिरोंचा, काळेश्वर, सोमनूर.

सासूबाईंचा हट्ट आहे की रामकुंडाचं पाणी बाटलीत भरून न्यायचं आणि सिरोंच्याच्या संगमावर गोदावरीत सोडायचं. मी म्हटलं, अहो, तेच पाणी तर तिकडे वाहत जातं, ओझं कशाला? ऐकत नाहीत. @प्राणहिता_काठ, तुम्हीच समजवा.

प्राणहिता_काठ | १६ जानेवारी, रात्री १०.१०

ताई, बाटली आणाच. मोठी आणा.

तुमच्या रामकुंडाचं पाणी निघाल्यावर जायकवाडीत थांबतं, मग नांदेडला बाभळीत, मग श्रीरामसागरात, मग येल्लमपल्लीत. फेब्रुवारीत आमच्या संगमावर गोदावरीच्या बाजूनं जे येतं त्यात पोरं उभी राहून क्रिकेट खेळतात. खाली जी भरलेली नदी दिसते ती बहुतेक प्राणहितेची, म्हणजे वर्ध्याची, वैनगंगेची. नागपूरच्या नाग नदीचं पाणीसुद्धा कन्हान, वैनगंगा करत आमच्यापर्यंत पोचतं, नाशिकचं पोचत नाही.

आजींना सांगा, घाटावर मी येईन. नाव आमच्या ओळखीच्याची आहे.

वाटसरू_धंतोली (धागाकर्ता) | १६ जानेवारी, रात्री १०.२५

नाग नदीचं वाचून पहाटे ओंजळीनं तोंडावर घेतलेलं पाणी आठवलं. काही बोलत नाही.